गुड फ्रायडेला मी गायले

मित्रांनो, मी एक जुनी रेकॉर्ड आहे. ताटाएवढी गोल, काळीभोर, मधोमध भोक असलेली. तुमच्या घरच्या माळ्यावर माझी एखादी बहीण पडलेली असेल, तर तुम्ही तिला चकतीसारखी अंगणात भिरकावूनही पाहिली असेल. मी रागावत नाही. सुई टेकल्याशिवाय आम्हांला आवाज नाही, आणि गप्प बसलेल्याला लोक काहीही समजतात.

माझा जन्म कलकत्त्याजवळच्या एका कारखान्यात झाला. काळ्या, गरम लगद्याचा गोळा दोन साच्यांमध्ये दाबला आणि माझ्या अंगावर केसाहून बारीक रेघ गोल गोल उमटली. त्या रेघेत गाणी होती. अमेरिकेतल्या काळ्या माणसांची, साठ-सत्तरच्या सालांत जगभर गाजलेली. त्यांना ‘सोल’ म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. गाणारी बरीचशी माणसं लहानपणी चर्चमध्ये गायला शिकली होती. मोठेपणी तोच गळा घेऊन ती प्रेमाची, विरहाची आणि स्वतःच्या हक्काची गाणी गाऊ लागली. पायाला गप्प बसू न देणारा ठेका, पोटात घुमणारी गिटार आणि वर ट्रंपेटची ललकारी, असं माझं गाणं.

मुंबईत फोर्टातल्या एका दुकानातून मला इग्नेशियसने आणलं. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला गास नावाचं गाव आहे, तिथली त्याची वाडी. केळी, पानवेली, मोगरा, आणि मधोमध गोड्या पाण्याची विहीर. समुद्र जवळ असून त्या विहिरीचं पाणी कधी खारावलं नव्हतं. इग्नेशियस शेती करी आणि लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवी. त्याचा जिवलग मित्र प्लासिड ढोल वाजवायचा. दोघे मला लावून बसत. अवघड जागा आली की सुई उचलायची, मागे ठेवायची, पुन्हा ऐकायचं. असं करत करत माझी ट्रंपेट इग्नेशियसच्या ओठांत आणि माझा ठेका प्लासिडच्या हातांत उतरला. मग आसपासच्या गावांतून सांगावे येऊ लागले, लग्नाला गासचाच बँड हवा म्हणून. ते माझे सुखाचे दिवस.

घरात एकाच माणसाला मी आवडत नसे. इग्नेशियसची बायको, एमिली. ती फार श्रद्धाळू. माझी गाणी म्हणजे नाचण्याची, अंगात वारं भरवणारी, असं तिचं मत. इग्नेशियस तिला सांगे की ही गाणी मुळात चर्चमधूनच निघालीत, पण तिला ते पटत नसे. दरवर्षी राखेचा बुधवार आला, ईस्टरपूर्वीचे उपासाचे दिवस सुरू झाले, की ती मला कपाटात ठेवून कुलूप लावी आणि किल्ली पदराला बांधी. ईस्टरच्या सकाळीच माझी सुटका.

घरी ती माणसं आपली कादोडी, म्हणजे वसईकडची बोली, बोलत. मी तुम्हांला शाळेतल्या मराठीत सांगते आहे, एवढं लक्षात ठेवा.

नव्वद सालानंतर आजूबाजूला इमारती उठू लागल्या. माणसं भराभरा राहायला आली, पण नळाला पाणी नव्हतं. मग टँकर आले. गावच्या विहिरींत जाड पाईप सोडायचा, इंजिनाने पाणी खेचायचं आणि इमारतींना विकायचं. ज्या वाड्यांनी पाणी दिलं, त्यांच्या विहिरींत जमिनीखालून समुद्राचं पाणी शिरलं आणि त्या दोन-तीन उन्हाळ्यांत खारट झाल्या. केळी पिवळी पडली, पानवेली वाळल्या. या धंद्यात प्लासिड शिरला. ढोल सुटला, टँकर आला. त्याने इग्नेशियसकडे विहीर मागितली. इग्नेशियस नाही म्हणाला. त्याने पुन्हा विचारलं, पुन्हा नकार मिळाला. शेवटी दोघांचं बोलणंच बंद झालं. एकदा वाडीची कुंपणं कुणीतरी तोडली. एकदा सकाळी उठून पाहिलं तर केळीचे घड कोयत्याने छाटून पडलेले. कुणाचं काम, ते सगळ्यांना कळत होतं. पुढे होऊन बोलायला कुणी तयार नव्हतं.

त्या वर्षी उपासाच्या दिवसांतच इग्नेशियस माडाच्या आळ्यात घसरून पडला आणि त्याचा पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. गुड फ्रायडेच्या दुपारी सगळं गाव चर्चमध्ये गेलं. मुलगा ऑस्टिन गायनवृंदात होता, तोही गेला. नवऱ्याला एकटं सोडवेना म्हणून एमिली घरीच राहून जपमाळ ओढत बसली.

मित्रांनो, गुड फ्रायडे म्हणजे प्रभू येशूच्या मरणाचा दिवस. त्या दिवशी चर्चची घंटासुद्धा वाजत नाही. कुणाच्या घरात रेडिओ लागत नाही, मुलं मोठ्याने हसत नाहीत. शेतांवर अशी शांतता असते की वाळलेलं पान पडलेलं ऐकू येतं. त्या शांततेत मी कपाटातून एका मोठ्या गाडीची घरघर ऐकली.

पुढचं काही मी कपाटातून ऐकलं, काही नंतर घरच्यांच्या बोलण्यातून कळलं. प्लासिड दोन माणसांना घेऊन आत आला. टँकर वाडीच्या तोंडाशी उभा होता. त्याने दिवस आणि वेळ विचार करूनच निवडली होती. एक माणूस पाईप घेऊन विहिरीकडे गेला. दुसऱ्याने येताच टेलिफोनची तार ओढून तोडली आणि तो इग्नेशियसच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला. प्लासिडने खुर्ची ओढली. विहीर दहा वर्षांसाठी दिली, अशा करारावर त्याला सही हवी होती. तो आवाज न चढवता बोलत होता, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

“विहीर माझ्या एकट्याची नाही,” इग्नेशियस म्हणाला. “जमिनीखाली सगळ्या गावाचं पाणी एकच आहे. माझी खारावली की सगळ्यांची खारावेल.”

प्लासिडने खाटेजवळच्या माणसाकडे नुसतं पाहिलं. त्या माणसाने प्लास्टरवर हात ठेवला आणि हळूहळू भार टाकला. इग्नेशियसच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला पुन्हा ऐकायचा नाही.

एमिली दारात उभी होती. प्लासिड मागे वळून न बघता म्हणाला, “वहिनी, चहा टाका. आम्हांला घाई नाही.”

ती आत आली. ओरडून उपयोग नव्हता. शेजारची घरं रिकामी होती आणि चर्च शेतांच्या पलीकडे. पळून जावं तर टँकरपाशी ड्रायव्हर उभा. आतल्या खोलीत तिने इकडेतिकडे पाहिलं. खिडकीत बँडचे दोन भोंगे होते, तोंडं शेतांकडे. ईस्टरनंतर लग्नांचा हंगाम सुरू होणार म्हणून इग्नेशियसने पडल्या पडल्या ऑस्टिनकडून सगळ्या तारा जोडून घेतल्या होत्या. माईक तेवढा दुरुस्तीला गेला होता. टेबलावर रेकॉर्ड प्लेयर होता. शेजारी टेप होता, भक्तिगीतांच्या कॅसेटी होत्या.

तिचा हात आधी कॅसेटींकडे गेला. मग थांबला. ती काय विचार करत होती ते तिने पुढे कितीदा तरी सांगितलं, म्हणून मला ठाऊक आहे. भक्तिगीत लावलं असतं तर लोकांना वाटलं असतं, इग्नेशियस घरी पडून प्रार्थना करतोय. कुणी जागचं हललं नसतं. लोक धावून यायला हवे असतील तर त्यांना राग यायला हवा होता.

तिने पदराची किल्ली सोडली.

कुलूप उघडताना किल्ली दोनदा निसटली. तिने दाराला आतून कडी घातली. मला वेष्टनातून काढलं, क्रूसाची खूण केली आणि पुटपुटली, “प्रभू, मला क्षमा कर.” इतकी वर्षं तिने हे यंत्र लांबूनच पाहिलं होतं, कधी हात लावला नव्हता. तिने सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली आणि सुई टेकवली.

मी गायले. एकदम ट्रंपेटच्या ललकारीने, ढोलासकट. भोंगे फाटतील असं गायले. छपरावरचे कावळे उडाले. बाहेर खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि लगेच दारावर लाथ बसली.

“बंद कर, वहिनी.” आता प्लासिडचा आवाज शांत नव्हता.

एमिलीने धान्याची कोठी ओढून दाराला लावली आणि स्वतः तिला पाठ टेकून बसली. प्रत्येक लाथेबरोबर तिचं डोकं हलत होतं. डोळे मिटलेले, ओठांवर प्रार्थना, आणि वर मी प्रेमाचं गाणं म्हणते आहे. तेवढ्यात विजेचा दिवा मंद झाला. माझा वेग मंदावला, आवाज जड झाला. मला वाटलं, संपलं. पण वीज सावरली आणि मीही सावरले.

पहिलं गाणं संपलं. दोन गाण्यांच्या मध्ये माझ्या अंगावर थोडी मोकळी जागा आहे. ती जागा मला एवढी मोठी कधीच वाटली नव्हती. एमिली कान देऊन ऐकत होती. शेतांकडून कसलीही चाहूल नव्हती. विहिरीकडून इंजिन सुरू झाल्याचा आवाज मात्र आला. पाणी जायला लागलं होतं. मग माझं दुसरं गाणं सुरू झालं, संथ आणि दुःखाचं, आणि त्यातच दाराची कडी उखडली.

प्लासिड आत घुसला. मला कसं बंद करायचं ते त्याला शिकवावं लागत नव्हतं, पण घाईत त्याने सुईचा दांडा हिसकला. सुई माझ्या अंगावरून आरपार फरफटत गेली. भोंग्यांतून असा चिरका आवाज निघाला की तोही दचकला. विहिरीवरचं इंजिनही थांबलं होतं. सगळं शांत झालं.

आणि त्या शांततेत माणसं ऐकू आली.

चर्चमध्ये लोक क्रूसाचं चुंबन घ्यायला रांगेत उभे होते तेव्हा माझा आवाज तिथे पोचला होता. बायकांनी कानांवर हात ठेवले. कुणी म्हणालं, इग्नेशियसला वेड लागलं. कुणी म्हणालं, प्यायलाय. ऑस्टिन शरमेने लाल झाला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की कपाटाची किल्ली बाबांकडे नसते, आईकडे असते. तो धावत सुटला. त्याच्या मागून निम्मं चर्च निघालं, मला फोडायला. सगळ्यांच्या पुढे म्हातारे युजीन होते, चर्चचे कारभारी, हातात काठी घेऊन.

त्यांनी वाडीच्या तोंडाशी टँकर पाहिला. विहिरीतला पाईप पाहिला. घरात आले तर इग्नेशियस खाटेवरून खाली पडलेला, प्लास्टर तडकलेलं. शंभरेक माणसं अंगणात उभी होती. प्लासिडची दोन्ही माणसं ड्रायव्हरसह कधीच पसार झाली होती. तो मात्र माझ्यापाशी उभा राहिला होता, सुईचा दांडा अजून हातात.

युजीननी काठी खाली केली. “प्लासिड,” ते म्हणाले, “पाईप काढ. तुझ्या हातानं काढ.”

त्याने काढला. गुडघ्यांवर बसून, हात-हात ओढत, चिखलाने माखलेला तो लांब पाईप त्याने सगळ्या गावासमोर विहिरीबाहेर घेतला. आजपर्यंत प्रत्येक जण आपापल्या घरात घाबरून बसला होता. त्या दिवशी सगळे एका अंगणात आले, ते माझ्यावर चिडून का होईना. त्यानंतर गासच्या त्या बाजूला टँकर आला की वाटेत माणसं आडवी उभी राहत.

एमिलीचं मात्र सोपं झालं नाही. काही बायका कितीतरी दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. निमित्त काहीही असो, त्या दिवशी तसली गाणी लावायची नव्हती, असं त्यांचं म्हणणं. ती फादरांकडे पापनिवेदनाला गेली. ते काय म्हणाले, ते तिने कुणालाच सांगितलं नाही. पण त्या ईस्टरला तिने स्वतःच्या हाताने मला पुसलं, आणि पुढच्या वर्षी उपासाचे दिवस आले तेव्हा मला कपाटात ठेवताना कुलूप लावलं नाही.

पुढे सीडी आल्या. प्लेयरचा पट्टा तुटला, सुई मिळेना. इग्नेशियसचा पाय वाकडाच जुळला. उभं राहून वाजवणं जमेना, बँड मोडला. २००३ साली तो गेला. अंत्ययात्रेत सगळ्यांच्या शेवटी प्लासिड चालत होता. एमिलीने त्याला पाहिलं. ती बोलली नाही, पण जा असंही म्हणाली नाही.

आता ती ऑस्टिनकडे बोळिंजच्या फ्लॅटमध्ये राहते. वाडी ऑस्टिनने ठेवली आहे. रविवारी जाऊन बघतो. मी इथे कपाटावर आडवी पडले आहे, माझ्यावर जड डबे आहेत, उन्हाने एक कड वाकली आहे. मित्रांनो, आम्हांला उभं ठेवत जा, उन्हापासून लांब. वाजलो नाही तरी चालेल, पण भंगारात घालण्याआधी घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा की हिने काय केलं होतं.

आणि आणखी एक. या इमारतीला पाणी टँकरने येतं. एमिलीला ते फार लागतं. टँकर आला की ती दुखरे गुडघे घेऊन खाली उतरते आणि ड्रायव्हरला विचारते, हे कुठल्या गावच्या विहिरीचं. तो म्हणतो, “मावशी, पानी ते पानी.” शेजारी हसतात. ती उत्तराची वाट बघत तशीच उभी राहते.

तुमच्याकडे टँकर येत असेल तर तुम्हीही विचारा. त्याला फार मोठा आवाज लागत नाही.