नरसिंगरावांच्या घरचं विरजण

उंदरांचं नाव निघालं तसे उद्धवराव खुर्चीत पुढे सरकले. तोवर आदिलाबादच्या त्या तरुण डॉक्टरनं सांगितलेलं सगळं त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं. उंदीर मात्र ओळखीचे होते.

डॉक्टर सांगत होता की आतड्यात जिवाणूंची मोठी वस्ती असते, अफूच्या जातीच्या गोळ्यांनी ती बिघडते, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की वस्ती बदलली की गोळीची ओढही बदलते. माणसांचं अजून ठरायचंय. उद्धवरावांच्या मुलासाठी, भारतसाठी, आज उपाय एकच, जिभेखाली ठेवायची ही औषधाची गोळी रोज घ्यायची आणि दर आठवड्याला येऊन दाखवायचं.

"मंग दही चालन का?" उद्धवरावांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाला, चालेल की. दह्याला कोण नाही म्हणतं.

भारत पंख्याकडे बघत बसला होता. जिनिंग कारखान्यात कापसाची गाठ सरकून त्याची कंबर गेली, ऑपरेशननंतर दुखणं थांबावं म्हणून गोळ्या दिल्या. दुखणं थांबलं, गोळ्या थांबल्या नाहीत.

गावी जैनथला परतताना बसमध्येच उद्धवरावांचा निर्णय झाला. उभा जन्म त्याच रस्त्यावर कंडक्टरकी केलेला माणूस. एका बिनतिकिट्याला उतरवून त्याच सीटवर दुसरा बसवायचा, हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं. गोळी सोडवायला गोळी? डॉक्टरनं दिलेली गोळ्यांची पट्टी त्यांनी चिठ्ठीसकट देव्हाऱ्यामागे ठेवून दिली. दही घ्यायचं ठरलं, आणि तेही निर्व्यसनी घरचं. बिघडलेल्या वस्तीत वळणाची माणसं नेऊन बसवायची म्हणजे बियाणं नीट हवं.

गावात असं घर शोधणं सोपं नव्हतं. कुठे शिंदी पिणारे, कुठे तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळणारे. अमृतरावांच्या घरी तर गायसुद्धा खर्र्याच्या पन्न्या चघळायची. उरले स्टँडामागचे रिटायर हेडमास्तर नरसिंगराव. चहा नाही, सुपारी नाही. त्यांच्याशी बोलण्याचीदेखील कधी कोणाला चटक लागली नव्हती.

"विरजण रोज ताजं आणा लागन, बाबा," भारत स्वतःहून म्हणाला.

चुलीकडे कधी पाणी प्यायलाही न गेलेल्या उद्धवरावांना ते अगदी रास्त वाटलं. त्यांची बायको बयनाबाई भाकर थापत होती. तिचा हात जरा थांबला, मग पुन्हा चालू झाला.

दिवे लागल्यावर दही-विरजण घराबाहेर देत नाहीत. म्हणून ऊन उतरलं की भारत अंघोळ करायचा, भांग पाडायचा, स्टीलची वाटी घेऊन निघायचा. तासाभरानं वाटीत दही घेऊन शांत चेहऱ्यानं परत यायचा, दोन घास खायचा. गोळी सुटताना घाम फुटतो, हातपाय ओढतात, असं डॉक्टरनं बजावलं होतं. भारतला काहीच झालं नाही. उद्धवरावांनी त्याचं श्रेय दह्याला दिलं आणि पारावर तसं जाहीरही केलं. सुधाकररावांनी त्यातलं थोडं मागून नेऊन आपल्या मारक्या बैलाला पाजलं. बैल आणखीच मारू लागला. पण बैलाला श्रद्धा थोडीच असते.

एका संध्याकाळी भारत वाटी घेऊन निघाल्यावर उद्धवराव सीताफळांची पिशवी घेऊन मागोमाग आभार मानायला गेले. नरसिंगरावांच्या बायकोनं, चारुशीलाबाईंनी, दार उघडलं. भारतचं नाव ऐकून त्या बुचकळ्यात पडल्या.

"तो एकदाच आला होता, भाऊजी. तेव्हाही मी पाकिटातलंच दिलं. ह्यांना दूध पचत नाही, आमच्याकडे दही लावतं कोण?"

सीताफळं तिथेच ठेवून उद्धवराव स्टँडाकडे आले. मेडिकलमधून भारत बाहेर पडत होता. त्यानं तोंडात काहीतरी टाकलं, शेजारच्या दुकानातून दह्याचं पाकीट घेतलं, दातांनी फोडलं आणि वाटीत नीट ओतलं. कडेला सांडलेलं बोटानं पुसलं. जन्मभर बिनतिकिट्यांना गर्दीतून दंडाला धरून बाहेर काढणारा माणूस विजेच्या खांबामागे लपला.

घरी येऊन त्यांनी बयनाबाईला विचारलं, विरजण रोज आणावं लागतं का.

"एकदाच लागते," ती म्हणाली. "मंग घरच्याच दह्यानं लावाचं. कोणाले बी ठाव हाय."

"मंग बोलली काऊन नाही?"

तिनं उतरंडीकडे पाहिलं. गाडगी, पातेली, स्टीलचा डबा, सगळं दह्यानं भरलं होतं.

"वाटी घिऊन जाते तो, त वाटी घिऊन वापस येते. वाटीच नसली त येईन कायले?"

उद्धवरावांनी देव्हाऱ्यामागची पट्टी काढली, सोबतची चिठ्ठी पाहिली. पुन्हा दाखवायला जायची तारीख केव्हाच गेली होती. रात्री ते भारतला म्हणाले, उद्या पहिल्या बसनं आदिलाबादला जाऊ. भारत हो बाबा म्हणाला. तो प्रत्येक गोष्टीला हो बाबाच म्हणायचा. सकाळी त्याची कंबर धरली. परवा जाऊ, म्हणाला. तोवर घे म्हणून उद्धवरावांनी पट्टी पुढे केली, तर त्यानं ती उशीखाली सरकवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

ऊन उतरलं. भारत आरशापुढे भांग पाडू लागला. उद्धवरावांनी वाटी उचलली, घासली, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं कोरडी केली आणि त्याच्या हातात दिली.

"लवकर जाय," ते म्हणाले. "दिवे लागले की कोणी देत नाही."

भारतनं क्षणभर बापाकडे पाहिलं आणि निघाला.

उद्धवराव उंबऱ्यावर बसून राहिले. गल्लीतल्या घरांतून एकेक दिवा लागत गेला, वाटी काही परत आली नाही. समोरचं माणूस ओळखू येईना इतका अंधार पडला, तरी बयनाबाई काडीपेटी हातात घेऊन देव्हाऱ्यापुढे तशीच बसली होती. तिनं दिवा लावला नव्हता.