बांबूच्या वळणावरची निळी गाडी

मलकापूरच्या पुढं डॉक्टर अमरसिंहांच्या मित्रानं, अनेकांतनं, अख्खा डोंगर विकत घेतला होता. वर रिसॉर्ट बांधायचं, म्हणून आधी रस्ता करून घेतलेला. काळाकुळकुळीत, नागमोडी, खाली लोखंडी फाटक. रिसॉर्टचा अजून पाया खणायचा होता, त्यामुळं रस्त्यावर माणूस नाही की म्हैस नाही. डॉक्टर अमरसिंहांनी तो रस्ता पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये, टाके घालता घालता, प्रीतीला म्हणाले, "आता होऊनच जाऊ दे. तुझा डबा आणि माझी गाडी."

प्रीती भूलतज्ज्ञ. कोल्हापुरातल्या त्या दवाखान्यात अमरसिंहांचे पेशंट झोपवायचे आणि उठवायचे, हे तिचं काम. दोघांनाही गाड्यांचं वेड. तिच्याकडं लाल हॅचबॅक होती, दिसायला घरगुती, पण पोटात टर्बो इंजिन. त्यांच्याकडं निळी, दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. लांबलचक नाक, त्यात इंजिन, आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. सर म्हणायचे, खरी गाडी मागून ढकलते, पुढून ओढतो तो टेम्पो. प्रीती म्हणायची, वळणं असली की बघू. असं वर्षभर चाललेलं.

त्या रविवारी सकाळी ऊन नुकतंच डोंगरावर चढत होतं. अनेकांत वॉकीटॉकी घेऊन वर वेळ मोजायला गेला. आधी सर गेले, मग प्रीती. खालच्या सरळ पट्ट्यात निळ्या गाडीसमोर आपला टिकाव लागणार नाही हे तिला ठाऊक होतं. पण वर, जिथं एक वळण संपत नाही तोवर दुसरं अंगावर येतं, तिथं हॅचबॅक रस्त्याला चिकटून चढली.

दोघं परत खाली आले तेव्हा प्रीतीकडचा वॉकीटॉकी खरखरला. "डॉक्टर, हारलासा की! मॅडम पुढं हाईत, जरासंच, पर पुढं हाईत!"

सरांचा चेहरा पडला. प्रीतीला मनातून गुदगुल्या झाल्या, हे काही ती नाकारणार नव्हती.

"परत एकदा," सर म्हणाले.

"सर, बांबूच्या वळणावर सावलीत ओल आहे. माझी पुढची चाकं तिथं जरा घसरली. तुमची मागची घसरली तर गाडी फिरेल."

"थिएटरमध्ये ऐकतो तुझं. हितं न्हाय."

टप उघडाच होता. मफलर घट्ट करून ते निघाले. आवाज डोंगरात वर वर जात राहिला. मग टायर किंचाळल्याचा आवाज आला आणि त्यानंतर काहीच नाही.

"आले का?" प्रीतीनं विचारलं.

"न्हाई अजून," अनेकांत म्हणाला. थोड्या वेळानं त्याचा आवाज बदलला. "ताई, आवाजबी येईना झालाय."

ती निघाली. पळवावीशी वाटत असूनही तिनं गाडी पळवली नाही. बांबूच्या वळणावर आली आणि तिनं ब्रेक दाबला. निळी गाडी गरगर फिरून उलट्या तोंडानं उभी होती. नाक उताराकडं, तिच्याच दिशेनं. मागची दोन्ही चाकं रस्त्याच्या कडेबाहेर, दरीवर. सर स्टिअरिंग धरून बसले होते. इंजिन गुरगुरत होतं, मागची चाकं हवेत फिरत होती, आणि दर झटक्याला कडेची माती भसाभस खाली सुटत होती.

"सर, इंजिन बंद करा!"

"पाय ऐकंना झालाय," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. इतक्या वर्षांत, पेशंटचा रक्तदाब कोसळला तेव्हासुद्धा, तिनं त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं.

"पायाचं राहू दे. फक्त बोट. बटण दाबा."

इंजिन थांबलं.

दार उघडून उतरता येण्यासारखं नव्हतं. दोन सीटच्या गाडीत चालक बसतो तो जवळजवळ मागच्या चाकांवरच. दाराखाली रस्ता संपलेला होता. गाडी तोलून धरली होती ती नाकातल्या इंजिनानं, आणि खालची माती तर हलत होती. प्रीतीनं मागंपुढं करत आपली गाडी वळवली, उताराकडं तोंड केलं. उतारावर तिच्या पुढच्या चाकांवर वजन येणार होतं, आणि ओढणारी चाकं तीच. मग रिव्हर्समध्ये निळ्या नाकाजवळ आली, डिकीतून टोचनचा पट्टा काढला, एक टोक आपल्या मागच्या हुकात अडकवलं आणि दुसरं रस्त्यावर पालथं पडून सरांच्या पुढच्या चाकाच्या आऱ्यांतून ओवलं. डोक्यावर बंपर करकरत होता. तिनं वर बघितलं नाही.

गाडीत बसून तिनं इंच इंच पुढं घेतली. पट्टा ताठला. ब्रेक लावून, खिडकीतून मान काढून ती ओरडली, "सर, आता काचेवरून पुढं या. बॉनेटवर. पालथे. घाई नको."

"गाडी हलतीया, प्रीती."

"मी धरलंय. श्वास घ्या. आता डावा हात."

ते आले. काचेवरून पोटावर सरकत, मफलर वायपरमध्ये अडकला तो हिसकून, ते नाकावरून रस्त्यावर घसरले आणि बसूनच राहिले. अनेकांत वरून धावत येत होता, वॉचमनच्या झोपडीतला कोयता हातात. झाडबीड पडलं असेल असं त्याला वाटलेलं.

प्रीती आता उतरणार, तेवढ्यात सर उठले. "ओढ. निघंल ती. जरासाच रेटा दे."

तिनं रेटा दिला. का दिला, हे तिलाही नंतर सांगता आलं नाही. पुढची चाकं गोल फिरली, जळक्या रबराचा वास आला, आणि मागं कडेचा भलामोठा तुकडा दरीत गेला. निळी गाडी एकदम बसली. तिची हॅचबॅक मागं खेचली जाऊ लागली. ब्रेक पूर्ण दाबूनही रस्ता तिच्याखालून पुढं सरकत होता. आरशात निळं नाक वर उचललेलं दिसलं.

"तोड!" ती ओरडली. "अनेकांत, तोड तो!"

अनेकांतनं सरांकडं बघितलं.

"तिच्याकडं बघ की!" सर ओरडले. "तोड!"

पहिला घाव निसटला. दुसऱ्याला पट्टा फाटकन तुटला. हॅचबॅक पुढं उडी मारून गटाराच्या काठावर थांबली. मागं बांबू मोडत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग पत्र्याचा एक दणका, आणि पाखरं उठली.

प्रीती उतरली तेव्हा सर कडेला न जाता लांबूनच खाली बघत होते. "चष्मा राहिला आत," ते म्हणाले. मग गटाराकडं वळून ओकले.

अनेकांतनं त्यांना पाणी दिलं. "क्रेनवाल्याला फोन लावतो. वैनींना काय सांगू?"

"मी सांगतो," सर म्हणाले. फोन हातात घेतला, नंबर लावला, पलीकडून आवाज आल्यावर तोंड उघडलं आणि फोन प्रीतीकडं दिला.

"वहिनी, सर बरे आहेत," ती म्हणाली. "गाडी गेली. सर बरे आहेत." दोनदा सांगावं लागलं.

मग ती स्टिअरिंगवर बसली आणि गाडी सुरू करायची सोडून सीटबेल्टच दोनदा लावून काढला. अनेकांतनं तिला बाजूला सरकवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसला. ती मागच्या सीटवर सरांशेजारी जाऊन बसली. फाटकाबाहेर सर हळूच म्हणाले, "ओल हाय म्हणून सांगितलंतंस तू."

"सांगितलंतं," प्रीती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका वर गेला की अनेकांतनं दचकून ब्रेक मारला. "आणि पुन्हा ओढायला मला सांगायचं नव्हतं, सर!"

त्यांनी मान हलवली. तिला रडू कोसळलं. मलकापूर येईपर्यंत ते तिच्याशेजारी मान खाली घालून बसून राहिले.