निशिदांच्या पायाशी

पियुषला मी आधीपासून सांगत होते, बॅडमिंटन खेळ, पोहायला जा, पण हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचं हे खूळ आपल्याला नको. कोण ऐकतंय. युनिव्हर्सिटीत गेल्या गेल्या साहेबांनी अमेरिकन फुटबॉलच्या क्लबात नाव घातलं. लहानपणी इथे जपानात, ग्योतोकुला आणलेलं पोर, शाळेत कायम परकंच राहिलं. त्या क्लबात पहिल्यांदा कुणी त्याला आपलं म्हटलं होतं.

अंगाने काडी. कोच म्हणाले, छातीला भिडलास तर उडून जाशील, खाली जा, पाय धर. तो तेच शिकला आणि चांगलं शिकला.

नोव्हेंबरच्या सामन्यात चेंडू घेऊन धावणाऱ्या निशिदा नावाच्या मुलाच्या गुडघ्यावर पियुषचा खांदा बसला. पंचांनी शिट्टीसुद्धा वाजवली नाही, कारण तसं मारणं नियमात होतं. आग लागो त्या नियमाला. मुलाचा गुडघा निखळला, मागची रक्तवाहिनी फाटली. पाय वाचेल की कापावा लागेल, डॉक्टर काही सांगेनात.

पियुषचं जेवणखाण सुटलं. त्याला एकच हवं होतं, त्या मुलाच्या वडिलांसमोर उभं राहायचं आणि ते काय बोलतील ते ऐकून घ्यायचं. कोच म्हणाले, क्लबातर्फे आम्ही जाऊन आलोय, तुम्ही जाऊ नका. पण माझा नवरा हरीश, एरवी ऑफिसात सगळ्यांच्या नावामागे सान-सान लावत मान डोलावणारा माणूस, म्हणाला, "आपलं पोर आहे, आपणच जायचं."

त्या मुलाचे वडील, निशिदा-सान, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभे होते, बायको बाकावर बसलेली. त्यांनी पियुषकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, मी बघितलं. पियुषही वाट बघत होता. तेवढ्यात हरीश मराठीत म्हणाला, "पाया पड त्यांच्या."

आपल्याकडे त्यात काय एवढं? चुकलं की मोठ्यांच्या पाया पडतो, ते पाठीवर हात ठेवतात, जीव हलका होतो. पियुषने गुडघे टेकले आणि कपाळ निशिदांच्या बुटांशी टेकवलं. नर्स थांबल्या, माणसं वळून बघायला लागली. इथे जमिनीला कपाळ लावणं म्हणजे माफ करा, नाहीतर उठत नाही. चारचौघांत समोरच्याला नाही म्हणायची सोयच उरत नाही. इतकी वर्षं इथे काढून हरीशला ते सुचलं नाही, आणि मी काही बोलेपर्यंत पोर खाली गेलं होतं.

निशिदा पांढरेफटक पडले. घाईघाईने त्याचे दंड धरून उठवत म्हणाले, "नियमात होतं. तुझी चूक नाही. खेळत राहा." त्यांच्या बायकोने तोंड भिंतीकडे फिरवलं.

परतताना ट्रेनमध्ये हरीश म्हणाला, "केवढ्या मोठ्या मनाचा माणूस." मी उठून दाराशी जाऊन उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात त्या मुलाचा पाय कापला. फोन आला तसे पियुषने बूट घातले, दारापर्यंत गेला आणि तिथेच फतकल मारून बसला.

"जायचंय ना तुला?" मी म्हटलं. "चल, मी येते."

"जाऊन काय करू?" एरवी जपानीत उत्तरं देणारा माझा मुलगा मराठीत बोलला. "त्यांनी मला माफ करून टाकलंय आई. आता ते मला काहीच बोलू शकणार नाहीत."

मी त्याच्या शेजारी बसले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मला त्यांनी ओरडायला हवं होतं," तो म्हणाला.