पलीकडच्या शेगडीची ऊब

जिन्याजवळच्या भिंतीवर एक पट्टा होता, बाकीच्या भिंतीपेक्षा साडेतीन अंशांनी गरम. आलमुट राइनेकेने तो तापमापक लावून मोजला होता, एकदा नव्हे, बऱ्याच हिवाळ्यांत. माणसाच्या उंचीहून थोडा उंच, दीडेक हात रुंद, कडा सरळ. संध्याकाळी पलीकडच्या घरात वेडेमायरने शेगडी पेटवली की हळूहळू तो उबायला लागे आणि निजायच्या वेळेला सर्वांत गरम असे. वाचायची खुर्ची तिने तिथेच ठेवली होती, पाठ भिंतीला लागेल अशी. कुणी विचारलं तर सांगायचं, इथे उजेड बरा पडतो.

कुणी विचारत नसे.

जर्मनीतल्या हार्झच्या डोंगरात थंडी लवकर उतरते. त्या ऑक्टोबरात धुराडी साफ करणारी स्वेन्या आली, तेव्हा खिडक्यांच्या एकेरी काचांवर आतून पाणी धरायला लागलं होतं. काळा कोट, सोनेरी बटणं, खांद्यावर तारेचा ब्रश आणि हल्ली काखेत टॅबलेट, कारण कुठलं घर किती ऊब गमावतं याची तपासणीही आता तिच्याकडेच होती. गावातली माणसं तिला पाहिलं की शकुन म्हणून तिच्या कोटाचं बटण फिरवत. आलमुटने जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं. बटण तिने कधी फिरवलं नव्हतं.

"बाई, आधी वाईट बातमी की आधी कॉफी?" स्वेन्याने दारातच विचारलं. ती आलमुटचीच विद्यार्थिनी.

"कॉफी. वाईट बातमी गार झाली तरी चालते."

बातमी अपेक्षेतलीच होती. तळघरातला तेलावरचा जुना बॉयलर नव्या नियमात बसत नव्हता. तो काढून उष्णता-पंप बसवायचा. माळ्याच्या जमिनीवर ऊब अडवणारं जाड अस्तर घालायचं. आलमुट मान डोलवत ऐकत होती. यातलं गणित तिला मान्य होतं. घर खरंच गळकं होतं.

"आणि ही भिंत," स्वेन्या जिन्यापाशी थांबून म्हणाली, "हिला आतून अस्तर लावून घ्या."

"हिला? अगं, ही दोन घरांमधली भिंत. दोन्हीकडे माणसं राहतात, म्हणून हिची गळती शून्य धरतात. कुणी शिकवलं गं तुला?"

"तुम्हीच. पण दोन्हीकडे राहतात तोवरच ना, बाई! वेडेमायरकाका चाललेत की. त्यांच्या शेगडीचा धूर नव्या मर्यादेत बसत नाही, वर्षअखेर बंद करावी लागणार. मी सांगितलं तसे म्हणाले, मग मुलीकडे जातो, ओल्डेनबुर्गला. घर विकलं जाईपर्यंत रिकामं. आणि रिकामं घर म्हणजे तुमच्या भिंतीला बाहेरची थंडीच." ती अडखळली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"बोलले असतील," आलमुट म्हणाली.

बोलले नव्हते.

स्वेन्याने काहीतरी करायचं म्हणून उष्णता टिपणारा कॅमेरा भिंतीवर धरला. पडद्यावर निळी भिंत उमटली आणि निळ्याच्या मधोमध नारिंगी, सरळ कडांची, वर किंचित कमानदार आकृती.

"बाई! इथे दार आहे!"

"होतं," आलमुट म्हणाली.

दोन्ही घरं पूर्वी एकच होती. दोन भाऊ भांडले आणि मधलं दार एकेरी विटेने चिणून टाकलं. हे तिला वेडेमायरने सांगितलं होतं, काही वर्षांपूर्वी, आलुबुखाऱ्याच्या झाडावरून. ती खाली शिडी धरून उभी होती. "ते दार उघडलं, तर एक शेगडी दोघांना पुरेल, राइनेकेबाई," तो फळांकडे बघतच म्हणाला होता. ती म्हणाली होती, "विचार करते."

मग हिवाळा आला, मग दुसरा. त्याने पुन्हा विचारलं नाही. तो तसा माणूसच नव्हता. आणि तिथल्या रीतीप्रमाणे पहिल्या नावाने हाक मारू या, असं सुचवायचं ते बाईने. तेवढंही तिच्याने झालं नाही. मात्र रोज संध्याकाळी ती पाठ टेकून बसायची आणि पलीकडे शेगडीचं झाकण वाजलं की पुस्तकातली ओळ हरवायची.

निघताना स्वेन्या पायरीवर थांबली. आलमुटने हात पुढे करून तिच्या कोटाचं एक बटण फिरवलं.

"बाई, तुम्ही?"

"धागा सैल झालाय का पाहिलं."

मग ती कोट न घालताच शेजारी गेली.

एकार्ट वेडेमायर शेगडीसमोर गुडघे टेकून राख काढत होता. हिरव्या चकचकीत फरश्यांची ती शेगडी कोपऱ्यात छतापर्यंत गेलेली. खोलीत खोकी रचलेली.

"या, बाई. खुर्चीवरचे पेपर खाली टाका आणि बसा."

"मला सांगितलं नाहीत."

"सांगणार होतो. रोज भिंतीपर्यंत येऊन परत जात होतो." त्याने फावडं बादलीत झटकलं. "मुलीच्या घरी म्हणे जमीनच गरम असते. मोजेसुद्धा नकोत. बटाट्यासारखा भाजून निघेन मी."

"आवडेल तुम्हाला?"

"नाही."

आलमुटने भिंतीकडे पाहिलं. तीन भिंतींना कपाटं, घड्याळ, फोटो, रेल्वेच्या नोकरीतली टोपी, कुठे हात ठेवायला जागा नव्हती. चौथीवर शेगडीशेजारी दाराएवढा तुकडा मोकळा होता. तिथे एक खिळासुद्धा नव्हता.

"स्वेन्या म्हणते, माझ्या बाजूने अस्तर लावा."

"लावाच. शेगडी गेली की इथून काही येणार नाही तुमच्याकडे."

"ऊब येते हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"रोज खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा." तो राखेकडे बघत म्हणाला. "मग मी आणखी एक लाकूड घालायचो."

इतकी वर्षं तिने मोजलेल्या आकड्यात ते एक लाकूड होतं, आणि ते तिने कधी धरलंच नव्हतं.

"आता शेगडीच नाही म्हटल्यावर," तो उठू लागला, एक हात मोकळ्या भिंतीवर टेकून, "ते दाराचं सगळं राहिलंच."

"एकार्ट," ती म्हणाली.

तो तसाच अर्धवट उठलेला थांबला.

"ओल्डेनबुर्गला जाऊ नका. माझ्याकडचा नवा पंप दोघांना पुरेल. ते दार आपण उघडू या."