पाहुण्यांच्या खोलीतला पॉइंट

लॅपटॉप घ्यायचा की डेस्कटॉप, हे ठरवायला मखमलाबादच्या त्या अर्धवट बांधलेल्या घरात एका रविवारी अख्खं खानदान जमलं होतं. घेणार होती मनीषा, स्वतःच्या पगारातून. त्यावर गेम खेळणार होती मनीषा. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जाऊन मोठमोठ्या माणसांना माउस कसा धरायचा ते दाखवणारीही मनीषाच. त्यामुळे साहजिकच तिला सोडून बाकी सगळे बोलत होते.

सगळ्यात मोठा आवाज ओझरच्या मामांचा. मामा विमानाच्या कारखान्यात स्टोअरला होते, कुठला नट कुठल्या फळीवर आहे ते बघायचे. पण घरच्यांच्या लेखी विमानं तेच उडवत होते. म्हणून वीज, यंत्र आणि इंग्रजी या तिन्ही विषयांत शेवटचा शब्द त्यांचा.

"लॅपटॉपच," मामांनी निकाल दिला. "लोडशेडिंगचे दिवस आहेत. लाइट गेली की तो डेस्कटॉप म्हणजे नुसता डबा. लॅपटॉपला बॅटरी असते."

"मामा, बॅटरीवर गेम धड चालत नाही," मनीषा म्हणाली. "लॅपटॉप तापतो, मग अडकत अडकत चालतो. शिवाय दोन वर्षांनी नवा गेम आला की डेस्कटॉपमध्ये नुसतं ग्राफिक्स कार्ड बदलता येतं. लॅपटॉप अख्खा बदलावा लागेल. लाइटसाठी मी यूपीएस घेणार आहे."

हे सगळं तिनं कॉलेज रोडच्या गेमिंग कॅफेत शनिवार-शनिवार घालवून शिकून घेतलं होतं. शर्यतीच्या गाड्यांचा गेम ती झकास खेळायची. पण तिथली पोरं तिच्या खुर्चीमागे उभी राहून फुकटचे सल्ले द्यायची, आणि ती जिंकली की समोरच्याचा कीबोर्ड खराब निघायचा. दर वेळी. एवढे खराब कीबोर्ड अख्ख्या नाशकात नसतील! तिला आपल्या घरात, आपल्या टेबलावर, मागे कुणी उभं नसताना खेळायचं होतं. मागणं इतकंच होतं.

"अगं पण लॅपटॉप हलका," तिची आई कुसाबाई म्हणाली. "उद्या सासरी जाताना पिशवीत घालून नेशील. त्या धुडापायी काय टेम्पो करायचा?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मामांनी तर अशी डोलावली की जणू हा तांत्रिक मुद्दा त्यांच्याकडून राहूनच गेला होता. मनीषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्थळ नाही, पत्रिका नाही, कुणी बघायला आलं नाही, आणि इथं सामानाची बांधाबांध सुरू!

"राजची मोटरसायकल घेताना विचारलं होतं का, की लग्नानंतर कुठं नेणार म्हणून?"

"तो कुठं जाणारे?" आई म्हणाली. तिला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

तेवढ्यात पुंजा वायरमन खडू घेऊन आला. आठवडाअखेरीला प्लास्टर लागणार होतं. त्याआधी भिंतीत झिऱ्या पाडून वायरचे पाइप आणि बटणांच्या पेट्या बसवायच्या होत्या, म्हणून कुठं काय पाहिजे ते तो विचारत फिरू लागला. हॉलमध्ये टीव्ही, स्वयंपाकघरात फ्रिज आणि मिक्सर. धाकट्या भावाच्या, राजच्या खोलीत तर पॉइंटांची नुसती जत्रा भरली. एसी घेतला तर, गीझर घेतला तर, कॉम्प्युटर घेतला तर. राजला कॉम्प्युटरवर गाणी लावण्यापलीकडे काही येत नव्हतं, पण त्याच्या भिंतीत सोय झाली.

मग तिसरी खोली आली. आतापर्यंत तिला सगळे पाहुण्यांची खोली म्हणत होते. त्या खोलीत मनीषा झोपणार होती.

"हितं एक ट्यूब, एक पंखा. बास," कुसाबाई म्हणाली.

"इथं कॉम्प्युटरचे पॉइंट," मनीषा म्हणाली. "खिडकीशेजारी. टेबल इथं येणार."

पुंजानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं तिच्या वडिलांकडे पाहिलं. देवरामअण्णांनी छताकडे पाहिलं. शेवंती आणि गुलाबाच्या जोरावर हे घर उभं राहत होतं, आणि त्या फुलांच्या जुड्या बांधायला रोज उजाडायच्या आत मनीषा अण्णांच्या शेजारी बसत आली होती, अगदी बारावीच्या परीक्षेतसुद्धा. तेव्हा तिला पाहुणी कुणी म्हटलं नव्हतं. तिनं पुंजाच्या हातातला खडू घेतला आणि भिंतीच्या उघड्या विटांवर मोठा चौकोन काढला.

"बघू," अण्णा म्हणाले. या घरात 'बघू'चा अर्थ काय होतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तरी ती मूर्खासारखी त्यावर विसंबली.

पुढच्या शनिवारी ती राजला घेऊन दुकानात गेली. यादी तिच्या तोंडपाठ होती. दुकानदारानं राजला खुर्ची दिली.

"बोला भाऊ, गेमिंगला पाहिजे ना?"

"तिला पाहिजे," राज म्हणाला.

"मॅडमना?" दुकानदार हसला. "मग लॅपटॉप बघा की. गुलाबी रंगात आलाय."

मनीषानं त्याला गुलाबी रंगावरून असं काही सुनावलं की बाजूचं गिऱ्हाईक मोबाइलवर बोलायचं थांबलं. मग तिनं एकेक पार्ट सांगितला, कार्ड कुठलं, रॅम किती, पॉवर सप्लाय कुठला, आणि डेस्कटॉप जोडायला सांगून बाहेर पडली. येताना ती इतकी खुशीत होती की राजला तिनं मिसळ खाऊ घातली.

रविवारी सकाळी ती नव्या घरी गेली. आदल्या संध्याकाळीच प्लास्टर लागलं होतं. पाहुण्यांच्या खोलीत खिडकीशेजारी भिंत गुळगुळीत, ओलसर, कोरी होती. पेटी नव्हती, पाइप नव्हता. तिचा चौकोन सिमेंटखाली गेला होता.

बाहेर अण्णा, मामा आणि कुसाबाई फरशीचे नमुने बघत बसले होते. पुंजा पायरीवर वायरचं भेंडोळं सोडवत होता.

"माझा पॉइंट कुठंय?"

"मीच नको म्हणालो पुंजाला," मामा म्हणाले. "लॅपटॉप कुठंही चार्ज होतो. उगीच भिंत कशाला फोडा?"

"मी डेस्कटॉप सांगितलाय. काल. येतोय तो."

"आता हे धूड उद्या तुझ्या सासरी..."

"नाही नेणार! म्हणून तर डेस्कटॉप घेतला!" तिचा आवाज रिकाम्या खोल्यांत घुमला. "येताजाता मला उचलून बाहेर ठेवताय तुम्ही. मी अजून या घरात राहायलासुद्धा आले नाही, आणि माझी जायची तयारी! अण्णा, मी गेले तर तुमच्या भिंतीत एक पॉइंट जास्तीचा राहील. एवढंच नुकसान ना?"

अण्णा हातातला फरशीचा नमुना उलटसुलट करू लागले. मामा मात्र ऐकून घेणाऱ्यातले नव्हते.

"कुसा, पोरीला आवर जरा. मोठ्यांशी बोलायची ही रीत? आपल्या घरात मुली अशा बोलल्या कधी?"

कुसाबाईच्या हातात फरशीचा तुकडा होता. तिनं तो खाली ठेवला. मनीषाला वाटलं, आता आईची बोलणी खावी लागणार.

"दादा," कुसाबाई म्हणाली, "तुझ्या घरी मी दरसाल दिवाळीला येते. माझी पिशवी मी कुठं ठेवते रे?"

"म्हणजे?"

"खुर्चीवर ठेवते. कोणी बसाया आलं की उचलते, खाली ठेवते. मग कोण झाडाया आलं की परत खुर्चीवर. ज्या घरात जन्मले, त्या घरात मला एक खुंटी नाय. वहिनीला बोल नाय लावत मी, ती लय चांगली हाय. पण आजवर कुणाच्या डोक्यातच आलं नाय. माझ्या बी नाय." तिनं मनीषाकडे पाहिलं. "आन मीच माझ्या पोरीला म्हनते, पिशवीत मावंल ते घे."

मामांनी तोंड उघडलं. वीज, यंत्र आणि इंग्रजी यांपैकी काहीच कामाला आलं नाही.

"पुंजा, छन्नी आण," कुसाबाई उठत म्हणाली.

पुंजानं सवयीनं अण्णांकडे पाहिलं.

"तिकडं काय बघतो? मी सांगतेय ना!"

अण्णा हळूच म्हणाले, "प्लास्टर ओलंय, निघेल सहज." मग स्वतःच आत जाऊन त्यांनी खिडकी उघडली, उजेड यावा म्हणून.

पुंजानं छन्नी लावली. पहिल्याच घावाला ओल्या सिमेंटचा गोळा कुसाबाईच्या नव्या साडीवर उडाला. तिनं तो झटकलासुद्धा नाही. मनीषा दारात उभी होती.

"तिथं नाय, खाली घे जरा," कुसाबाई पुंजाला म्हणाली. "तिचं टेबल येनारे तिथं."