दोन हिसके

"दोरी आज जगनच्या हाती दे," हरेश्वर म्हणाला, आणि लहूने काही उत्तर देण्याच्या आत खलाशांनी हरेश्वरच्या डोक्यावर पितळी टोप चढवला. टोपातल्या माणसाशी भांडता येत नाही. लहूने टोपाची पुढची काच घट्ट बसवली, हवेची नळी तपासली आणि दोरी मात्र आपल्याच मुठीत ठेवली.

मचव्यात बसलेल्या जगनने हे पाहिले. तिशीचा, वरळीचा, मासेमारीत मुरलेला गडी. समजायचे ते समजला.

माझगावच्या कोळीवाड्यातला हरेश्वर गोदीत पाणबुड्या होता. एखाद्या बोटीचा नांगर पाण्याखालच्या खडकात अडकून साखळी तुटली, की त्याला बोलावणे यायचे. खाली गेलेल्याची दोरी मेहुण्याने धरायची, असा त्यांच्यात रिवाज पडला होता. सख्खा भाऊ एखादे वेळी वाटणीचा विचार करील, पण बहिणीचे कुंकू ज्याच्या मुठीत आहे तो डुलकीसुद्धा घेणार नाही, असा सरळ मामला. लहूने अकरा वर्षे डुलकी घेतली नव्हती.

पण त्याची बहीण शेवंता, हरेश्वरची बायको, गेल्या साली गाठीच्या तापाने चार दिवसांत गेली. आता येत्या पुनवेनंतर हरेश्वरचा राधाबाईशी पाट लागायचा होता. तीही विधवा, जगनची थोरली बहीण. म्हणजे मेहुणा आता जगन, आणि दोरीही त्याचीच. यात कोणाचे चुकले असे बोट दाखवता येत नव्हते, त्यामुळे लहूला राग अधिकच येत होता.

हरेश्वर शिडीवरून उतरला. शिशाच्या बुटांनी त्याला खाली ओढून नेले आणि वर बुडबुडे तेवढे राहिले. भांगाचे, कमी भरती-ओहोटीचे दिवस होते, पाणी संथ होते. लहूच्या बोटांतून दोरी सरकू लागली.

तो खडक लहूने कधी पाहिला नव्हता. कुठे कपार, कुठे उतार, एवढे त्याला दोरीतून कळायचे. बाकीचे हरेश्वर वर येऊन सांगायचा. खाली दगडाला फुले येतात, हात लावला की मिटतात. निळे मासे टोपाच्या काचेशी येतात आणि आत कोण आहे ते बघून जातात. शेवंता म्हणायची, "पंपाची हवा डोस्क्यात गेली याच्या." म्हणून तो तिच्यासाठी पुरावा आणू लागला, दर खेपेला पोवळ्याचा एक पांढरा तुकडा. तो परस्पर तिच्या टोपलीत पडायचा.

तळाला पाय लागला की दोरीला एक हिसका, हे गोदीच्या साहेबाने दिलेल्या नियमांच्या पुस्तकात होते. त्यानंतरचे दोन हिसके पुस्तकात नव्हते. लग्नाच्या पहिल्या साली शेवंता धक्क्यावर येऊन उभी राहायची. नवरा वर येईपर्यंत हलायची नाही, आणि टोपलीतली मासळी उन्हात नासून जायची. शेवटी हरेश्वरने तोड काढली. खाली पोचलो की दोन हिसके देईन, लहू हात वर करील, तो दिसला की तू बाजार गाठायचा. तेव्हापासून लहू हात करायचा आणि शेवंता टोपली डोक्यावर घेऊन चालू लागायची.

ती गेल्यावरही ते दोन हिसके येत राहिले. लहूही रिकाम्या धक्क्याकडे बघून हात करीत राहिला. दोघे त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

आज ते येतात का, एवढेच लहूला पाहायचे होते. येणार नसतील, तर शेवंता खरीच गेली.

एक हिसका आला. तळ लागला. लहूने उलट हिसका देऊन उत्तर दिले आणि तो वाट पाहू लागला. पंप कुरकुरत होता. दोरी जागची हलत नव्हती, आणि हिसकेही येत नव्हते. 'विसरला,' लहूच्या मनात आले. 'पाट लागायच्या आधीच विसरला.' त्याला इतके भरून आले की मूठ सैल पडली. मग स्वतःचीच लाज वाटून त्याने ती आवळली.

तेवढ्यात दोरीला दोन हिसके बसले.

"दोन कसलं?" जगनने विचारले. "मना शिकवलं त्यात नाय हे."

"काय नाय. सवय हाय त्याची."

असे म्हणत लहूने हात वर करण्यासाठी धक्क्याकडे पाहिले. धक्का रिकामा नव्हता. तिथे राधाबाई उभी होती. टोपली पायाशी, पदर दोन्ही मुठींत धरलेला, नजर बुडबुड्यांवर.

"कवापासून उभी हाय ती?"

"आपल्या मागूनच आली," जगन म्हणाला. "पयला नवरा तुफानात गेला तिचा. पान्यावरची नजर काढीत नाय ती."

लहूला तिचा राग यायला हवा होता. पण ऊन चढले होते, आणि टोपलीतली मासळी नासणार हेच त्याला आधी दिसले.

"जगन, हिकडं ये. धर दोरी. आवलू नको, बोटांत खेलू दे तिला. आता दोन हिसके उलट दे. हां. आता हात वर कर."

"कोनाला?"

"तुझ्या बहिनीला. तो नीट पोचला, ह्ये तिला सांगायचं असतं."

जगनने हात वर केला. राधाबाईला त्यातले काय कळणार? ती घाबरून दोन पावले पुढे आली. तेव्हा लहू मचव्यात उभा राहिला आणि तोंडाशी हात धरून ओरडला, "पोचला गं बाय तो! बरा हाय! तू जा बाजारात, मासली नासंल!"

राधाबाईने मुठींतला पदर सोडला. मग वाकली, टोपली डोक्यावर घेतली आणि चालू लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत लहू बघत राहिला. शेवंताला त्याने कधी इतका वेळ पाहिले नव्हते. तेव्हा हातात दोरी असायची.

नांगराला साखळी बांधून हरेश्वर तासाभराने वर आला. टोप निघताच त्याने आधी धक्क्याकडे पाहिले, मग लहूकडे.

"दुसरं उत्तर तुझ्या हाताचं नव्हतं."

"जगनचं. हात चांगला हाय त्याचा. जरा आवलतो."

"हिसके देऊ का नको, कलत नव्हतं मना," हरेश्वर हळूच म्हणाला. "खाली तसाच उभा ऱ्हायलो."

"मना कललं ते."

हरेश्वरने मूठ उघडली. आत पोवळ्याचा पांढरा तुकडा होता. "ह्यो टोपलीत नको आता. तू ठेव."

लहूने हात पुढे केला. अकरा वर्षे दोरी धरून घट्टे पडलेल्या त्या हाताला खालचा खडक पहिल्यांदाच लागत होता. तुकडा थंड होता, खरखरीत होता, आणि त्याच्या भोकांतून अजून पाणी ठिबकत होते. लहूने मूठ मिटली आणि तो सुकाणूपाशी जाऊन बसला.