डोनटची ती दुपार

मित्रांनो, कोलकात्याच्या बागबाजारात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, ओट्याच्या कोपऱ्यात बसलेला मी एक जुना ओव्हन आहे. माझी काच पिवळी पडली आहे आणि बटणांवरचे आकडे पुसट झाले आहेत. या घरात एक मोठा अनर्थ होता होता टळला. त्यात माझाही वाटा होता, म्हणून ती हकिगत मीच सांगायला हवी.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझं अंग घडवलं, वर-खाली तापणाऱ्या सळया बसवल्या आणि मला खोक्यात बंद केलं. कालिंदीला बँकेत नोकरी लागली तेव्हा तिने हौसेने मला घरी आणलं. तिच्या बदल्यांबरोबर मी नागपूर पाहिलं, भोपाळ पाहिलं. प्रत्येक गावी शेजारणी माझ्यातली नानकटाई खायच्या आणि कालिंदीला कृती विचारायच्या. तेव्हा माझी काच रोज पुसली जायची.

कोलकात्यात आल्यावर माझं टायमरचं बटण बिघडलं. पूर्वी वेळ संपली की मी टण्ण वाजून आपोआप बंद व्हायचो. आता बटण मध्येच अडकायचं आणि कुणी हाताने बंद करेपर्यंत मी तापतच राहायचो. कालिंदीचा नवरा हेमंत दर आठवड्याला म्हणायचा, या रविवारी दुरुस्तीला नेऊ. असे पुष्कळ रविवार गेले.

गेल्या हिवाळ्यात हेमंतचे वडील, आबा, सातारा सोडून इथे राहायला आले. त्यांना मधुमेह होता. दुपारच्या जेवणाआधी ते इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यायचे आणि लगेच जेवायला बसायचे. गोड त्यांना बंद होतं. कालिंदी फार काळजीने त्यांचं पथ्य सांभाळायची.

एका शनिवारी ती बँकेच्या कामासाठी शहराबाहेर, बजबज नावाच्या गावी गेली. हेमंत हावड्याच्या कारखान्यात होता. घरी बारा वर्षांची नूपुर आणि आबा, दोघंच. नूपुरच्या शाळेत दुसऱ्या दिवशी मेळा होता आणि तिला वर्गाच्या टेबलासाठी छोटे डोनट न्यायचे होते. आईची परवानगी होती. दही, मैदा, जायफळ घालून तिने पीठ भिजवलं, प्लास्टिकच्या पिशवीत भरलं आणि पिशवीचा कोपरा कापून साच्याच्या खळग्यांत गोल गोल सोडलं.

त्याआधी घडलेली एक गोष्ट मात्र तिने पाहिली नव्हती. ती दुकानात दही आणायला गेली असताना आबा ताट घेऊन स्वयंपाकघरात आले. इंजेक्शन घेऊन झालं होतं. त्यांनी दोन्ही पोळ्या परत डब्यात ठेवल्या, भाजी पातेल्यात ओतली आणि ताट धुऊन टाकलं. जेवण टाळलं तर एक डोनट चालेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं. नूपुरने आल्यावर विचारलं, तर ते जेवलो म्हणाले. मला सगळं ठाऊक होतं आणि मला बोलता येत नव्हतं.

साचा माझ्या आत आला. रिकामी पिशवी नूपुरने माझ्या तापलेल्या डोक्यावरच विसरली. माझा टायमर चालत नव्हता म्हणून तिने फोनवर बारा मिनिटांचा गजर लावला. मग वाटीत पिठीसाखर आणि दूध कालवत ती आबांना दाखवायला बाहेर गेली.

माझ्या समोरच्या दारातून आबांची खुर्ची सरळ दिसायची. आबांचा सदरा घामाने भिजला होता आणि हात थरथरत होते. त्यांनी नूपुरकडे पाहिलं, पण ओळखलं नाही.

"विनीता," ते अडखळत म्हणाले, "गाडी सुटेल गं."

विनीता म्हणजे नूपुरची आजी. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

रक्तातली साखर फार उतरली तर लगेच गोड द्यायचं, हे आईने शिकवलेलं नूपुरला आठवलं असावं. तिने टेबलावरचं पाणी वाटीत ओतलं, साखर ढवळली आणि चमचा आबांच्या ओठांना लावला.

"आबा, गिळा. माझ्यासाठी गिळा."

अर्धं सदऱ्यावर सांडलं. थोडं पोटात गेलं. तेवढ्यात ओट्यावरच्या फोनचा गजर वाजला. तिने मान वळवली, पण आबा खुर्चीतून घसरू लागले होते. एका हाताने त्यांना धरून ती चमचे देत राहिली. गजर वाजून वाजून थांबला.

मी तापतच होतो. आतले डोनट काळे पडले. डोक्यावरची पिशवी वितळून माझ्या दाराच्या दांडीवर टांगलेल्या फडक्यावर ओघळली आणि फडक्याची कड करपू लागली. मला स्वतःला थांबवता येईना. माझ्या अंगातून निघालेला धूर खिडकीतून शेजारच्या निर्मलामाशींच्या (बंगालीत मावशीला माशी म्हणतात) घरात शिरला. थोड्याच वेळात दार धडधडू लागलं.

"नूपुर, दरवाजा खोलो!"

दार उघडायचं तर आबांना सोडावं लागणार होतं. नूपुरने त्यांना खुर्चीत मागे रेलवलं, उशी लावली आणि धावली. निर्मलामाशी आत आल्या, त्यांनी आधी माझं मुख्य बटण बंद केलं, फडकं नळाखाली टाकलं आणि डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर पोहोचले तेव्हा आबा डोळे उघडून हळू आवाजात विचारत होते, "नूपुर, तू का रडतेस?"

संध्याकाळी हेमंतने माझी धुराने काळवंडलेली काच पाहिली. घर पेटलं असतं, हा उद्याच भंगारात द्यायचा, असं तो रागाने म्हणाला. नूपुर खाली मान घालून बसली होती.

तेव्हा आबा बोलले. "ओव्हनला बोल लावू नकोस आणि पोरीलाही नको. मी जेवलोच नव्हतो. तिने विचारलं, तर मी खोटं सांगितलं."

कालिंदी आबांच्या खुर्चीशेजारी येऊन बसली. मग ती म्हणाली, "आबा, काय खायचं नाही ते मी रोज सांगत राहिले. काय खावंसं वाटतं, ते एकदाही विचारलं नाही."

सोमवारी मी दुरुस्तीला गेलो. आता नूपुर सुटीच्या दिवशी आबांच्या शेजारी ताट मांडून जेवते. डॉक्टरांना विचारून आबांसाठी जेवणाबरोबर एक छोटा डोनट ठरला आहे, साखरेच्या थराशिवाय.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची दुरुस्ती पुढच्या रविवारवर टाकू नका. बिघडलो तरी आम्हाला बोलता येत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलता येतं, तरी उगाच कुणाला त्रास नको म्हणून ती पुष्कळदा गप्प बसतात. त्यांना विचारा. आणि उत्तर मिळालं, तरी लगेच उठून जाऊ नका.